दुसरी चिप कंपनी आपोआप टिकत नाही

जानेवारी २००७ मध्ये इंटेलने कोअर २ क्वाड क्यू६६०० हा प्रोसेसर काढला, चार कोअरचा, म्हणजे एकाच चिपमध्ये हिशोब करणारे चार भाग. आणि बरोबर दहा वर्षांनी, जानेवारी २०१७ मध्ये, घरगुती पीसीच्या नेहमीच्या लाइनमधला इंटेलचा सगळ्यात वरचा प्रोसेसर होता आय-७ ७७००के, तोही चारच कोअरचा. मधल्या काळात ६५ नॅनोमीटरवरून १४ नॅनोमीटरपर्यंत आले होते हे लोक, म्हणजे तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त बसवता आलं असतं, पण जास्त कोअर हवेत ना, मग वेगळा महागडा मदरबोर्ड घ्या आणि वेगळी सीरिज घ्या, आठ कोअरचा आय-७ ६९००के तेव्हा हजार डॉलरच्या वर होता. मग २ मार्च २०१७ ला इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडीने रायझन ७ बाजारात आणला, आठ कोअर, वरचा १८००एक्स ४९९ डॉलरला आणि खालचा १७०० तर ३२९ डॉलरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलचा सहा कोअरचा ८७००के आला, पुढच्या ऑक्टोबरमध्ये आठ कोअरचा ९९००के. दहा वर्षं जे जमत नव्हतं ते दीड वर्षात जमलं.

ही गोष्ट बहुतेक लोक सांगतात ती 'स्पर्धा असली की ग्राहकाचा फायदा' एवढ्यासाठी, आणि ते खरंच आहे. पण मला त्याच्या आधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. ही दुसरी कंपनी २०१७ पर्यंत जिवंत राहिली कशी? कारण बाजारावर सोडलं असतं तर ती गेली असती. २०१५ मध्ये एएमडीचा शेअर दोन डॉलरच्या खाली होता, त्याआधी २०१३ मध्ये ऑस्टिनमधला स्वतःचा कॅम्पस विकून तोच परत भाड्याने घ्यायची वेळ आली होती. सगळा इतिहास बघितला की दिसतं की प्रोसेसरच्या धंद्यात दुसरा पर्याय टिकला तो दर वेळी कुणीतरी बाहेरून हात घातला म्हणून, कधी मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातली म्हणून, कधी कोर्टाने किंवा लवादाने निकाल दिला म्हणून, कधी सरकारांनी चौकशी लावली म्हणून. आणि आपण भारतात आता चिप चिप करतोय, हजारो कोटी लावतोय, तर ही बाजू आपल्या चर्चेत जवळजवळ नाहीच याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सुरुवातीपासून बघू. इंटेल १९६८ ची, एएमडी १९६९ ची, दोन्ही फेअरचाइल्ड या जुन्या चिप कंपनीतून बाहेर पडलेल्या माणसांनी काढलेल्या. १९७१ मध्ये इंटेलचा ४००४ प्रोसेसर आला, २३०० ट्रान्झिस्टरचा, बुसिकॉम नावाच्या जपानी कॅल्क्युलेटर कंपनीच्या ऑर्डरमधून. सत्तरच्या दशकात हा बाजार खरंच मोकळा होता, मोटोरोला होती, झायलॉग होती, एमओएस टेक्नॉलॉजीचा ६५०२ तर २५ डॉलरला मिळायचा, ज्याला जे परवडेल ते घेऊन लोक मशीन बनवत होते. हे सगळं बदललं ते ऑगस्ट १९८१ मध्ये, आयबीएमने आपल्या पीसीत इंटेलचा ८०८८ घातला तेव्हा.

पण आयबीएमने नुसता इंटेलला होकार दिला नाही. त्यांची अट होती की हा माल आम्हाला आणखी एका कंपनीकडून मिळाला पाहिजे, धंद्याच्या भाषेत सेकंड सोर्स. कारण साधं आहे, उद्या एका कारखान्यात आग लागली, उत्पादन अडकलं किंवा त्यांनी भाव वाढवला तर आमची लाइन बंद पडायला नको. म्हणून १९८२ मध्ये इंटेल आणि एएमडीचा करार झाला आणि एएमडीला हे प्रोसेसर बनवायचा अधिकार मिळाला. आज आपण ज्याला इंटेल विरुद्ध एएमडी म्हणतो त्याचं मूळ इथे आहे. प्रतिस्पर्धी म्हणून एएमडी पीसीच्या प्रोसेसरच्या धंद्यात घुसली नव्हती, गिऱ्हाइकाने तिला आणून बसवली होती.

मग १९८५ ला इंटेलचा ३८६ हा नवा प्रोसेसर आला आणि इंटेलने ठरवलं की हा कुणाला द्यायचा नाही, आयबीएमच्या स्वतःच्या वापराचा अपवाद सोडला तर नाहीच. तोवर पीसीचा बाजार आयबीएमच्या हातातून निसटत होता, १९८६ मध्ये ३८६ चं मशीन आयबीएमच्या आधी कॉम्पॅकने काढलं, म्हणजे अट घालणारं जे मोठं गिऱ्हाईक होतं त्याचाच वचक गेला. एएमडीने १९८७ मध्ये लवादाकडे धाव घेतली, एकीकडे भांडण चालू ठेवलं आणि दुसरीकडे ३८६ स्वतः उलगडून बनवला, तो मार्च १९९१ मध्ये बाजारात आला, ४० मेगाहर्ट्झचा, इंटेलचा तेव्हा ३३ वर थांबला होता. १९९२ मध्ये लवादाने एएमडीच्या बाजूने निकाल दिला आणि १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने तो कायम केला. पण तारखा नीट बघा, ८५ ते ९१. साडेपाच वर्षं जवळपास एकच दुकान उघडं होतं. न्याय मिळाला, पण तोवर पुढचा ४८६ येऊन जवळपास तीन वर्षं झाली होती आणि पुढचा डाव मांडून झाला होता. उशिरा मिळालेल्या निकालाचा फायदा कुणाला झाला ते सांगायला नको.

इथेच एक आपल्या जवळचा माणूस येतो. ३८६ हा नुसता आकडा आहे, त्यावर मालकी सांगता येणार नाही असं कोर्टाने म्हटल्यावर इंटेलने आकडे सोडले आणि मार्च १९९३ मध्ये पेंटियम हे नाव घेऊन आले, त्या पेंटियमच्या कामाचं नेतृत्व करणारे विनोद धाम, जन्म पुण्याचा. त्यांचं नाव आपण अभिमानाने घेतो पण गोष्ट अर्धीच सांगतो. १९९५ मध्ये ते इंटेल सोडून नेक्सजेन नावाच्या छोट्या कंपनीत गेले, ती कंपनी एएमडीने विकत घेतली, आणि तिथल्या डिझाइनवर एएमडीचा के६ उभा राहिला, एप्रिल १९९७. म्हणजे ज्यांनी पेंटियम घडवला त्यांचाच पेंटियमच्या स्पर्धकातही हात होता. के६ जुन्याच सॉकेटमध्ये बसायचा आणि स्वस्त होता, हजार डॉलरच्या आतला पीसी शक्य झाला तो अशा चिपांमुळे, आणि म्हणूनच इंटेलला १९९८ मध्ये स्वस्तातला सेलेरॉन काढावा लागला. लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेली त्या काळातली मशीन आठवा, के६-२ किंवा सायरिक्सवाली, कित्येक घरात पहिला कॉम्प्युटर तसाच आला. मध्यमवर्गीय घरात कॉम्प्युटर येण्याचं श्रेय आपण उदारीकरणाला देतो, थोडं या दुसऱ्या-तिसऱ्या नंबरच्या कंपन्यांनाही द्यायला हवं.

मोठं गिऱ्हाईक काय करू शकतं त्याचं अजून एक उदाहरण त्याच काळातलं. १९९४ मध्ये थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांना पेंटियममध्ये भागाकार चुकतो हे सापडलं. इंटेलचं आधी म्हणणं होतं की ज्याला खरंच गरज आहे त्यालाच बदलून देऊ. डिसेंबरमध्ये आयबीएमने पेंटियमची मशीन पाठवणं थांबवलं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत इंटेलने मागेल त्याला चिप बदलून द्यायचं जाहीर केलं, ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढले. लोकांचा रागही होता, हो, पण आयबीएमने माल अडवला नसता तर एवढ्या लवकर हे झालं असतं असं मला वाटत नाही.

मेगाहर्ट्झच्या शर्यतीवर मी फार थांबणार नाही, १९९९ चा अॅथलॉन, मार्च २००० मध्ये एएमडीने आधी गाठलेला एक गिगाहर्ट्झ आणि दोनच दिवसांनी इंटेलने गाठलेला, हे सगळं बऱ्याच जणांना माहीत आहे. त्यापेक्षा ६४-बिटची, म्हणजे जास्त मेमरी हाताळू शकणाऱ्या प्रोसेसरची, गोष्ट महत्त्वाची. इंटेलला जुनं एक्स८६, म्हणजे ८०८८, ३८६, पेंटियम या सगळ्यांची चालत आलेली रचना, मागे टाकून इटॅनियम आणायचा होता, एचपीबरोबर केलेला, आणि त्यावर दुसऱ्या कुणाला लायसन्स द्यायचा प्रश्नच नव्हता. तो चालला असता तर एएमडीसाठी दार कायमचं बंद झालं असतं. एएमडीने वेगळं केलं, जुनं सगळं सॉफ्टवेअर तसंच चालेल आणि वर ६४-बिटही मिळेल असा ऑप्टेरॉन एप्रिल २००३ मध्ये काढला. मायक्रोसॉफ्टने साथ दिली, आणि २००४ मध्ये इंटेललाच ती पद्धत घ्यावी लागली. आज इंटेलच्या लॅपटॉपवर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला गेलात तरी फाइलच्या नावात एएमडी६४ असतं, ते यामुळे. आज बहुतेक पीसी ज्या पद्धतीवर चालतात तिचा पाया दोन नंबरच्या कंपनीने घातलाय.

आता एवढा चांगला माल असताना २००३ ते २००६ मध्ये एएमडीने बाजार मारायला हवा होता, नाही का? तिथे येते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात वाईट गोष्ट. युरोपियन कमिशनने २००९ मध्ये जे निष्कर्ष काढले त्यानुसार इंटेल मोठ्या कंपन्यांना, म्हणजे एसर, डेल, एचपी, लेनोवो, एनईसी यांना सवलत द्यायची, पण अटीवर, की सगळे किंवा जवळपास सगळे प्रोसेसर आमच्याकडूनच घ्यायचे. युरोपातल्या मीडिया सॅटर्न या मोठ्या दुकानांच्या साखळीला पैसे दिले जायचे ते फक्त इंटेलचे पीसी ठेवण्यासाठी. आणि त्याच निकालात एक गोष्ट आहे जी मी कितीही वेळा वाचली तरी अंगावर येते, एएमडीने एका पीसी कंपनीला दहा लाख प्रोसेसर फुकट देऊ केले होते आणि त्या कंपनीने त्यातले फक्त १,६०,००० घेतले. कारण बाकीचे घेतले तर इंटेलची सवलत जाणार, आणि ती सवलत त्या फुकट मालापेक्षा जास्त किमतीची. फुकट माल जिथे विकला जात नाही तिथे 'चांगला माल आपोआप जिंकतो' हे वाक्य कुणी कसं म्हणू शकतं?

१.०६ अब्ज युरोचा दंड झाला. पुढे हे प्रकरण कोर्टात लोंबकळलं, २०२२ मध्ये युरोपियन जनरल कोर्टाने दंड रद्द केला, सवलतींमुळे स्पर्धकाला खरंच बाहेर ढकललं गेलं असतं का याचं कमिशनचं विश्लेषण पुरेसं नाही म्हणून, आणि २०२४ मध्ये वरच्या कोर्टानेही तेच धरलं. पण एएमडीचा माल उशिरा आणावा किंवा आणूच नये यासाठी थेट दिलेल्या पैशांचा भाग टिकला आणि त्यासाठी कमिशनने २०२३ मध्ये पुन्हा ३७.६ कोटी युरोचा दंड लावला. इंटेलचे समर्थक रद्द झालेला भागच सांगतात, विरोधक फक्त पहिला दंड सांगतात, मी दोन्ही सांगतोय कारण मला वाटतं दोन्ही धरूनही मुद्दा उभा राहतो.

कारण खरा परिणाम दंडाचा झालाच नाही, तडजोडीचा झाला. नोव्हेंबर २००९ मध्ये इंटेलने एएमडीला सव्वा अब्ज डॉलर दिले आणि एक्स८६ च्या लायसन्सचा नवा करार केला. त्या आधी काय झालं होतं तर एएमडीने पैशाअभावी आपले कारखाने वेगळे काढले होते, अबू धाबीच्या सरकारी पैशावर ग्लोबलफाउंड्रीज उभी केली होती, आणि इंटेलने लगेच नोटीस दिली होती की हा लायसन्सचा भंग आहे, बाहेरून बनवून घ्यायचा तुम्हाला असा अधिकार नाही. तडजोडीत ही अडचण सुटली. हे कुणी फारसं बोलत नाही, पण माझ्या मते रायझनचा जन्म त्या करारात आहे. एएमडी कारखान्याच्या ओझ्यातून मोकळी झाली म्हणून २०१९ मध्ये तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवून देणाऱ्या कंपनीकडून ७ नॅनोमीटरवर रायझनची झेन २ ही पिढी बनवून घेऊ शकली, तेव्हा इंटेल स्वतःच्या १० नॅनोमीटरमध्ये वर्षानुवर्षं अडकली होती. चौकशांचा दबाव नसता तर इंटेलने ती सही केली असती का?

यावर एक म्हणणं नेहमी येतं आणि ते पूर्ण चुकीचं नाही, की एएमडी स्वतःच्या चुकांनी बुडत होती. बरोबर आहे. २००६ मध्ये एटीआय ही ग्राफिक्स चिपची कंपनी ५.४ अब्ज डॉलरला घेतली आणि कर्ज डोक्यावर घेतलं, २०११ चा तिचा बुलडोझर प्रोसेसर साफ फसला, आणि २००६ चा इंटेलचा कोअर २ ड्युओ खरोखरच उत्तम प्रोसेसर होता, तो कुठल्या सवलतीने जिंकला नाही. पण चांगल्या दिवसांत जो पैसा मिळायला हवा होता तो मिळाला नाही तर वाईट दिवसांत चूक पचवायला काय उरणार? इंटेलनेही पेंटियम ४ ची चूक केली, इटॅनियमची केली, १० नॅनोमीटरची केली, प्रत्येक वेळी तिजोरीत एवढं होतं की उभं राहता आलं. एएमडीला उभं ठेवलं ते २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या दोन्ही गेम कन्सोलनी तिची चिप घेतली याने, म्हणजे परत मोठं गिऱ्हाईकच.

आणि म्हणून मी एएमडीचा भक्त आहे असं कुणी समजू नये. वरचढ झाली की तीही तशीच वागते. २००५ मध्ये तिचा दोन कोअरचा अॅथलॉन ६४ एक्स२ ४८००+ हजार डॉलरला होता. २०२० मध्ये रायझन ५००० आले तेव्हा भाव ५० डॉलरने वाढवले, आणि त्याच वर्षी आधीच्या मदरबोर्डांवर नवीन प्रोसेसर चालणार नाही म्हणून सांगितलं होतं, लोकांनी आरडाओरडा केल्यावर मागे घेतलं. आपल्याकडे मुलं या दोन कंपन्यांसाठी सख्ख्या भावासाठी भांडावं तशी भांडतात, ते बघून मला काळजी वाटते, कारण दोघीही आपल्या कुणी नाहीत. आपली गरज एवढीच की दोघी जिवंत असाव्यात आणि शक्यतो तिसरी असावी.

तिसरी का नाही, तर एक्स८६ चं लायसन्स. सायरिक्स, ट्रान्समेटा, आयडीटी, सगळ्या गेल्या किंवा विकल्या गेल्या, आणि नवीन कुणाला आत यायला वाटच नाही. एएमडीला उद्या कुणी विकत घेतलं तर २००९ च्या करारानुसार ते लायसन्सच संपतं. आर्म नावाच्या कंपनीच्या वेगळ्या रचनेचा रस्ता आहे, अॅपलने नोव्हेंबर २०२० मध्ये त्यावर एम१ चिप काढून तो किती चांगला चालतो हे दाखवून दिलं, पण तिथेही मालक एकच, आणि त्या मालकाने २०२२ मध्ये आपल्याच मोठ्या गिऱ्हाइकाला, क्वालकॉमला, लायसन्सवरून कोर्टात खेचलं होतं. त्यात डिझाइन कुणाचंही असो, सगळ्यात पुढची चिप बनते बहुतेक तैवानमध्ये, एकाच कंपनीकडे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारने इंटेलचा जवळजवळ १० टक्के हिस्सा घेतला तो या भीतीनेच. बाजाराचे गोडवे गाणाऱ्या देशाने हे केलं, आता तरी 'सरकारने यात पडू नये' हे आपण किती दिवस म्हणणार?

भारताचा या धंद्यात आवाज नाही असं म्हणतात, पण गिऱ्हाईक म्हणून आहे, आणि तो वापरला जात नाही. इंटेलची भारतासाठी वेगळी वॉरंटी पॉलिसी होती, इथल्या अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडून न घेतलेल्या प्रोसेसरला इथे वॉरंटी नाही, त्यावर २०१९ मध्ये सीसीआयने, म्हणजे भारतीय स्पर्धा आयोगाने, चौकशीचा आदेश दिला, हे चांगलं झालं. पण सरकारी खरेदीचं काय? टेंडरमध्ये सरळ कोअर आय-५ किंवा त्याच्या तोडीचा असं लिहिलेलं असतं, आणि तोडीचा म्हणजे काय हे कुणी ठरवत नाही, मग खालचा अधिकारी ऑडिटच्या भीतीने नाव असलेलंच घेतो. युरोपियन कमिशनने २००४ मध्ये जर्मनी, इटली, फ्रान्स आणि आणखी काही देशांना याच गोष्टीवरून धारेवर धरलं होतं, टेंडरात इंटेलचं नाव किंवा नुसता मेगाहर्ट्झचा आकडा लिहायचा नाही म्हणून. आपल्या जिल्हा परिषदांच्या शाळांना, तलाठ्यांना, विद्यापीठांना जे कॉम्प्युटर जातात त्यात नावाऐवजी ठरलेल्या टेस्टवरचा किमान स्कोअर लिहा, आणि मोठी ऑर्डर असेल तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिपवरची मशीन घ्या, हे कुठलाही नवा कायदा न करता होण्यासारखं आहे.

दुसरं, आपल्या स्वतःच्या चिपांचं. आयआयटी मद्रासचा शक्ती आहे, सी-डॅकचा वेगा आहे, दोन्ही रिस्क-व्ही या खुल्या आर्किटेक्चरवर, म्हणजे प्रोसेसरच्या खुल्या रचनेवर, जिथे लायसन्ससाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही, आणि पवईत आयआयटी बॉम्बेने केलेला अजित आहे, चंडीगडजवळच्या सरकारी कारखान्यात १८० नॅनोमीटरवर बनलेला. प्रत्येक वेळी पेपरात फोटो येतो, 'स्वदेशी प्रोसेसर' म्हणून हेडलाइन येते आणि मग पुढे काही ऐकू येत नाही. त्यांना इंटेलशी टक्कर द्यायला सांगणं अन्याय आहे, लॅपटॉपच्या प्रोसेसरशी त्यांची तुलनाच नाही. पण देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर बसवायचं ठरलंय, महाराष्ट्रातही बसतायत, आणि प्रत्येकात एक छोटा कंट्रोलर लागतो, ज्याला ३ नॅनोमीटरची काही गरज नाही. त्या खरेदीत आयबीएमने १९८१ मध्ये घातली तशी अट घाला, की मुख्य चिप कुणाचीही असू दे, दुसरा सोर्स खुल्या आर्किटेक्चरवरचा आणि भारतात डिझाइन झालेला पाहिजे, सुरुवातीला पाच-दहा टक्के मालापुरता का होईना, आणि नापास झाला तर का झाला ते जाहीर करा म्हणजे पुढची चिप सुधारून येईल. फॅबसाठी, म्हणजे चिपच्या कारखान्यांसाठी, आपण जे हजारो कोटी देतोय त्यापुढे या अटीचा खर्च किरकोळ आहे, पण त्या इंजिनिअर मुलांना यातून पहिली खरी ऑर्डर मिळेल.